घंगाळ आणि हंडा

आमच्या साहेबांना परदेशी वकिलांची हौस होती. कुणाला कबुतरांची असते, कुणाला जुन्या घड्याळांची, तशी. डेक्कनला त्यांचं ऑफिस होतं, ट्रेडमार्क आणि पेटंटचं काम चालायचं, आणि मी तिथे ज्युनिअर होते. दर हिवाळ्यात बाहेरच्या देशांतून वकिलांचा एक गट पुण्यात यायचा. याला आमच्याकडे ‘ज्ञानाची देवाणघेवाण’ म्हणत. सकाळी ते आम्हाला त्यांच्याकडे पेटंट कसं मिळतं ते सांगायचे, दुपारी आम्ही त्यांना आमच्याकडे ते का मिळत नाही ते सांगायचो, आणि मध्ये जेवण. खरं काम जेवणात व्हायचं. तुमच्या देशातलं काम आम्ही तुमच्याकडे पाठवतो, आमच्या देशातलं तुम्ही आमच्याकडे पाठवा. आमच्या धायरीत याला साटंलोटं म्हणतात, आणि तिथे निदान दोन्ही घरचे लोक एकदा पोरगी बघून घेतात.

या पाहुण्यांपुढे साहेब माझी ओळख खास करून द्यायचे. ऑफिसात बाकी पाच-सहा ज्युनिअर होते, त्यांची नुसती नावं सांगायचे. माझ्यापाशी आले की थांबायचे. “हिच्या घरातली ही पहिली पदवीधर. वडील शेतकरी.” मग पाहुणे ‘अरे वा’ अशी मान हलवायचे, संग्रहालयात जुनं भांडं बघितल्यासारखी. वडिलांच्या शेतावर केव्हाच बारा मजली इमारत झाली होती. तिच्या तळमजल्यावर वडिलांचे दोन गाळे होते आणि त्यांचं भाडं साहेब मला देत त्या पगारापेक्षा जास्त होतं. पण पाहुण्यांना शेतकरी हवा होता आणि साहेबांना तो दाखवायला आवडायचा. पहिल्या वर्षी मी हसले. पुढे हसणं सोडलं. साहेबांना तो विनय वाटला.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी माझ्याकडे पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका काकूंची केस होती. माझ्याकडे म्हणजे कागद मी करायचे, कोर्टात साहेब उभे राहायचे. काकू आणि त्यांचे यजमान आलेपाकाच्या वड्या करत. घरामागे पत्र्याची शेड, चार बायका कामाला, आणि माल मंडईच्या आसपासच्या दुकानांत. पिवळा डबा, त्यावर निळ्या रंगात घंगाळ छापलेलं. घंगाळ का, तर सुरुवातीला घरात मोठं भांडं नव्हतं म्हणून सगळं आलं अंघोळीच्या घंगाळात धुतलं जायचं, आणि निळं का, तर छापखान्यात त्या दिवशी तीच शाई होती. गिऱ्हाईक नाव विचारत नसे. ‘घंगाळाचा डबा द्या’ म्हणायचं.

मग बाजारात दुसरा डबा आला. पिवळाच. त्यावर निळा हंडा. आतल्या वड्यांत आल्यापेक्षा साखर जास्त, पण डबा बंद असताना ते कुणाला कळणार? काकूंचा खप बसला. चारपैकी दोन बायका त्यांना घरी बसवाव्या लागल्या. आम्ही दावा लावला आणि हंड्याच्या डब्यावर तात्पुरती बंदी मागितली. न्यायाधीशांनी दोन्ही डबे टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि बंदी नाकारली. त्यांचं म्हणणं, डबे सारखे आहेत हे दिसतंय, पण कुणी एक माणूस खरोखर फसून हा समजून तो घेऊन गेला, असं पुढे येऊ द्या, मग बघू.

हा माणूस कुठून आणायचा? दुकानदार दोन्ही डबे विकत होते, ते कशाला बोलतील? आणि ज्या गिऱ्हाइकाची दहा मिनिटांच्या खरेदीत फसगत झाली, ते त्यासाठी कोर्टात दिवस घालवत नाही. मी मंडईभोवती तीन शनिवार हिंडले. एका आजोबांनी कबूल केलं की त्यांनी हंड्याचा डबा घंगाळाचा म्हणून नेला होता. साक्ष द्याल का, विचारल्यावर ते म्हणाले, “अहो, घरी बायकोने ऐकवलं ते पुरे झालं. आता कोर्टानेही ऐकवायला हवं का?” आणि भाजीची पिशवी उचलून गेले.

पाहुणे आले त्या दिवशी सकाळी साहेबांनी मला गाडीत घेतलं. हॉटेलवर जाऊन पाहुण्यांना आणायचं होतं. वाटेत साहेब म्हणाले, “भेट काय द्यायची हो यांना? दर वेळी शाल देतो. जर्मनीत शाली घालत नाहीत म्हणे.”

“काकूंच्या वड्या द्या,” मी म्हणाले. “आपल्याच अशिलाच्या.”

साहेबांना हे भलतंच आवडलं. अशिलाचा माल, पुण्याची चव, आणि दुपारच्या भाषणात तीच केस सांगायची होती. मंडईजवळ त्यांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. जागा नव्हती, मागून रिक्षावाले बोंबलत होते, म्हणून मी आतच बसले. साहेब स्वतः उतरले. साहेब स्वतः उतरून काही विकत घेताना मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं. कागदात बांधलेले गठ्ठे घेऊन ते परत आले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमच्या काकूंचाच माल घेतला बरं का. दुकानदार दुसरंच काही दाखवत होता. मी म्हटलं, अहो, पिवळा डबा, निळं भांडं, आम्हाला काय शिकवता?”

मी गठ्ठे उघडून बघितले नाहीत. बघायचं कारण नव्हतं. केस त्यांची, डोळे त्यांचे, आणि दोन्ही डब्यांचे फोटो त्यांच्या भाषणात मोठे करून घातलेले.

ऑफिसात पोचल्यावर साहेबांनी एकेकाला डबा हातात दिला. जपानी गृहस्थांनी तो दोन्ही हातांनी घेतला. जर्मनीच्या एक बाई होत्या, वयाने साहेबांच्या बरोबरीच्या, पांढरे केस कापलेले, सकाळपासून फारसं बोलल्या नव्हत्या. त्यांनी डबा उलटसुलट करून बघितला आणि पिशवीत टाकला. “हे आमच्या अशिलाचं अस्सल उत्पादन,” साहेब म्हणत होते, “याचीच नक्कल कशी झाली ते दुपारी सांगतो.”

दुपारी जेवणावर सगळ्यांचे डोळे मिटायला लागले असताना साहेबांचं भाषण झालं. पडद्यावर डावीकडे घंगाळ, उजवीकडे हंडा. दोन्ही फोटो मीच काढलेले. साहेब समजावत होते की सामान्य बुद्धीचा, अर्धवट आठवण असलेला ग्राहक हा कायद्याचा मापदंड असतो. तो दोन डबे शेजारी ठेवून बघत नाही. त्याला एक आठवण असते, पिवळं काहीतरी, निळं काहीतरी, आणि तेवढ्यावर तो हात पुढे करतो. साहेब हे चांगलं समजावतात, हे मला कबूल आहे. बरीच वर्षं ते हेच वाक्य समजावत होते.

जर्मन बाईंनी हात वर केला. मग पिशवीतून डबा काढून पडद्याच्या दिशेने धरला.

“माफ करा, मला फक्त समजून घ्यायचंय,” त्या म्हणाल्या. “सकाळी आपण आम्हाला दिलेला डबा यातला कुठला? डावीकडचा की उजवीकडचा?”

सगळ्यांनी आपापले डबे काढले. सगळ्या डब्यांवर हंडा.

मी साहेबांकडे बघत होते. त्यांचा चेहरा एक क्षण अगदी रिकामा झाला. मग त्यांनी टाळी वाजवली, एकच, आणि म्हणाले, “उत्तम! मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. सकाळपासून एकानेही ओळखलं नाही. ही एक चाचणी होती.”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ब्राझीलचा एक तरुण वकील तर उभा राहिला. जपानी गृहस्थांनी डब्याचा फोटो काढला. जर्मन बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, डबा पिशवीत ठेवला आणि साहेबांकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. शहाण्या बाईंना कळलं, असं मला वाटलं.

बाहेर व्हरांड्यात साहेबांनी मला गाठलं. “तुम्ही गाडीत होतात ना? बघायला नको का एकदा?”

“तुम्ही म्हणालात, आम्हाला काय शिकवता.”

“ते दुकानदाराला.”

“हो. मी म्हटलं, मलाही असेल.”

साहेब आत जाऊन पाहुण्यांबरोबर फोटोला उभे राहिले.

त्या रात्री मला एकच विचार सुचत होता आणि त्यात मला आनंदच होत होता, हे लपवत नाही. न्यायाधीशांनी माणूस मागितला होता. कुणी एक माणूस, जो खरोखर फसला. आणि आमच्याकडे नुसता माणूस नव्हता, या कायद्यातला पुण्यातला नावाजलेला वकील होता, स्वतःच्या अशिलाचा डबा ओळखू न शकलेला. याच्यापेक्षा मोठा पुरावा कुणी कुठून आणणार? साहेबांनी शपथपत्र द्यायचं, बस. वकील एकाच केसमध्ये वकील आणि साक्षीदार दोन्ही होत नाही, तेव्हा वकीलपत्र सोडायचं आणि साक्ष द्यायची. काकूंचा डबा वाचला असता.

पाहुणे गेल्यावर मी काकूंना ऑफिसात बोलावलं. त्यांचे यजमान बरोबर होते, ते फारसं बोलत नाहीत, काकू बोलतात. मी साहेबांसमोरच सगळं सांगितलं. काकू आधी हसल्या, मग हसणं आवरून साहेबांना म्हणाल्या, “मग सांगा की तेवढं कोर्टात, साहेब. तुम्हीच फसला म्हनल्यावर जज काय बोलणार हायेत?”

“काकू, मी फसलो नाही. ती चाचणी होती.”

“साहेब, चाचणी कुठली?” मी म्हणाले. “गाडीत तुम्ही मला सांगितलंत, काकूंचाच माल घेतला म्हणून.”

“तुमच्या ऐकण्यात चूक झाली असेल.”

काकू एकदा माझ्याकडे बघत होत्या, एकदा साहेबांकडे. “आवं साहेब, फसलं तर काय झालं? माझी सख्खी भावजय फसली. हंड्याचाच डबा घेऊन माझ्याच घरी आली पाहुणी म्हणून. मान्सं फसत्यात.”

“बाई, मी माणसं नाही,” साहेब म्हणाले.

हे ते खरंच म्हणाले. त्यांना वेगळं काही म्हणायचं असेल. पण मी ऐकलं ते हे.

मग त्यांनी समजावलं, की जगभरातले वकील त्यांना मानतात, आता कुठे तिकडून काम यायला सुरुवात झालीय, आणि अशा वेळी ‘स्वतःच्याच अशिलाचा डबा ओळखता आला नाही’ हे कोर्टाच्या कागदावर आलं तर ते ऑफिसला परवडणारं नाही. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हंजे तुमचं नाव ते नाव, आन् आमचं घंगाळ ते भांडं.” आणि उठल्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी वकीलपत्र काढून घ्यायचं ठरवलं. साहेबांनी ना हरकत लगेच दिली. इतक्या तत्परतेने त्यांनी काकूंचं दुसरं काहीच केलं नव्हतं.

मीही सोडलं. राजीनाम्यात कारण लिहिलं नाही. साहेबांना कारण हवंही नव्हतं. निघताना त्यांनी मला म्हटलं, “तुमच्यासारख्या मुलींना संधी मिळते आणि तुम्ही ती अशी घालवता.” तुमच्यासारख्या म्हणजे कशा, हे विचारायची मला गरज वाटली नाही.

मी जर्मन बाईंना ईमेल केला. त्यांनी डबा हातात धरून विचारलं होतं, त्यांच्याइतका चांगला साक्षीदार नाही. सकाळी साहेबांनी ‘अस्सल’ म्हणून दिला आणि दुपारी ‘चाचणी’ म्हणाले, एवढं दोन ओळींत शपथेवर लिहून द्या, असं मी विचारलं. उत्तर आलं, फार सुंदर. त्यांना पुणं आवडलं, माझ्याशी भेट आनंदाची होती, माझ्या भविष्याला शुभेच्छा. मात्र त्यांच्या फर्मने आणि माझ्या पूर्वीच्या साहेबांच्या ऑफिसने परस्परांना काम देण्याचं ठरवलं असल्याने त्या अशा बाबतीत काही लिहू शकत नाहीत, हे मी समजून घ्यावं. मी समजून घेतलं. शहाण्या बाईंना कळलं होतं, हे मला आधीच वाटलं होतं. कळून करायचं काय, हे मात्र त्यांना माझ्या साहेबांइतकंच माहीत होतं. म्हणजे देवाणघेवाण झाली होती म्हणायची.

आता राहिले मी. काकूंना माझ्याकडूनच केस चालवून घ्यायची होती. “तुम्हीच उभ्या ऱ्हा ताई, आमचा तुमच्यावरच भरवसा हाय.” ही माझी स्वतःच्या नावावरची पहिली केस झाली असती. काळा कोट घालून, स्वतःचं वकीलपत्र दाखल करून, साहेबांच्या मागे फाईल धरून उभं न राहता. या दिवसाची मी कॉलेजपासून वाट बघत होते. पण काकूंची भावजय घरचीच, तिचं कोर्ट किती धरणार? आणि गाडीतलं ते वाक्य ऐकणारी मी एकटी होते. ड्रायव्हर साहेबांचा, तो काय बोलणार? मी केस चालवली तर साक्ष द्यायला कुणी नाही. साक्ष दिली तर केस चालवता येत नाही.

मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही तेव्हा वडिलांनी विचारलं, काय झालंय. सांगितलं. ते म्हणाले, “तू वकील हायेस का साक्षीदार, घरात त्यानं काय फरक पडतोय? पगार तर बंद झालाच हाय.” मग जरा थांबून म्हणाले, “आन् त्या बाईच्या दोन बायका घरी बसल्यात म्हनलीस न्हवं?”

मी केस माझ्या कॉलेजच्या एका मित्राला दिली. तो शिवाजीनगर कोर्टात दिवाणी दावे करतो, ट्रेडमार्क त्याला येत नव्हतं, ते मी शिकवलं. वादीतर्फे साक्षीदार म्हणून मी पिंजऱ्यात उभी राहिले. तो दिवस यायला बरेच महिने गेले.

हंडेवाल्याचा वकील हुशार होता. त्याला साहेबांचं नाव माहीत होतं, त्याने त्याचाच आधार घेतला. साक्ष मराठीत चालली होती. वकील विचारी, मी उत्तर देई, आणि न्यायाधीश ते कोर्टाच्या ठरलेल्या भाषेत टायपिस्टला सांगत.

“तुमचे तेव्हाचे साहेब या विषयातले तज्ज्ञ आहेत, बरोबर?”

“बरोबर.”

“परदेशी वकीलही त्यांना मान देतात?”

“देतात.”

“मग असा माणूस दोन साध्या डब्यांत फसला, हे आपण कोर्टाला पटवताय?”

“हो.”

“त्यांना डोळ्यांचा काही त्रास होता?”

“नाही. दिसत होतं त्यांना व्यवस्थित.”

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. वकिलाने आवाज चढवला. “मी तुम्हाला सांगतो, तुमचा त्यांच्यावर राग आहे, नोकरी सोडावी लागली म्हणून तुम्ही त्यांना बुद्धू ठरवताय.”

“नोकरी मी सोडली. आणि मी त्यांना बुद्धू म्हटलेलं नाही. कायदा ज्याला सामान्य बुद्धीचा माणूस म्हणतो, तसे ते त्या सकाळी होते, एवढंच माझं म्हणणं आहे.”

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. मग टायपिस्टकडे वळून सावकाश सांगितलं, “हे म्हणणे खरे नाही की, माझे तेव्हाचे वरिष्ठ फसणे शक्यच नव्हते. हे म्हणणे खरे आहे की, खरेदीच्या वेळी ते सामान्य बुद्धीच्या गिऱ्हाइकासारखे वागले.” टायपिस्टने बोटं थांबवून एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग छापलं.

निकाल काकूंच्या बाजूने लागला. हंडेवाल्याने डबा बदलायचा, पिवळा आणि निळा एकत्र वापरायचा नाही. निकालपत्रात वकील म्हणून माझ्या मित्राचं नाव आहे. मी साक्षीदारांच्या यादीत, छापखान्यातला माणूस आणि काकूंचे यजमान यांच्यानंतर. माझ्या ओळखीच्या वकिलांनी मला विचारलं की साहेबांना दुखवून तुला काय मिळालं, पुढे काम कोण देणार? ज्यांनी हे विचारलं त्यांच्याकडून मला काम नकोच होतं. मिळालंही नाही.

निकालाची प्रत घेऊन मी मांजरीला गेले. शेडमध्ये घरी बसवलेल्या दोघींतली एक परत आली होती, दुसरीने तोवर दुसरीकडे काम धरलं होतं. काकूंनी हात पुसले आणि कागद माझ्याकडून वाचून घेतला, मधलं कायद्याचं सोडून.

“आमचं घंगाळ कुठाय यात?” त्यांनी विचारलं.

शेवटच्या पानांवर दोन्ही डब्यांचे फोटो होते. कोर्टाच्या यंत्रावर काळे-पांढरे निघालेले, दोन्ही सारखेच राखाडी. काकूंनी कागद लांब धरला, जवळ धरला.

“ताई, हे वळखायचं कसं आता?”

“खाली लिहिलंय,” मी म्हणाले, आणि बोट ठेवून दाखवलं. “हे आपलं.”